वार धरून कोस्ता ब्रावा: व्हिलावर मुक्काम ठेवून गावं, समुद्र आणि बाजार कसे पाहावे

विदर्भातल्या खेड्यात वार सांगितला की बाजाराचं गाव आठवतं. स्पेनमधल्या कॅटालोनियाच्या कोस्ता ब्रावा किनाऱ्यावर हीच सवय कामी येते. तिथल्या बहुतेक गावांचा आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो आणि बाजार साधारण सकाळी ८ ते दुपारी दीडपर्यंतच भरतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन धावण्यापेक्षा आठवडा वारांवर बांधावा. ज्या वारी ज्या गावचा बाजार, त्या वारी तिथे सकाळ घालवायची, दुपारी व्हिलावर आराम करायचा आणि ५ नंतर जवळचा समुद्र गाठायचा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर लांब मिळते.

जायचं कधी? आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पेरणी मृगाच्या पावसावर असते, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा. पाणी थोडं गार असतं, पण जुलै-ऑगस्टपेक्षा भाडं बरंच कमी आणि पार्किंग मिळतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र जास्त उबदार असतो. सोयाबीन काढणीला यायच्या आत परत येता आलं, तर तोच काळ सर्वात चांगला. ऑगस्ट टाळावा, कारण तेव्हा अर्धा युरोप तिथे असतो.

मुक्काम पालाफ्रुजेल आणि बेगूर या गावांच्या आसपास घ्यावा. तिथून बहुतेक बाजार अर्ध्या तासात येतात. व्हिला ठरवताना जाहिरातीत एचयूटीजी या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. जिरोना जिल्ह्यातल्या पर्यटक-निवासाला तो लागतोच. तो नसेल तर पैसे भरू नका. व्हिसाच्या अर्जाला हेच बुकिंग जोडायचं असल्याने क्रमांक आणि मालकाचं नाव नीट असलेलं बरं. पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो. तो दर माणशी, दर रात्री असतो, पण जास्तीत जास्त ७ रात्रींचाच, आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ असतो.

पत्त्यात एक सापळा आहे. कालेल्या नावाची दोन गावं आहेत. एक बार्सेलोनाहून येणाऱ्या लोकल रेल्वेवरचं, दुसरं कालेल्या दे पालाफ्रुजेल. दोन्हींत गाडीने तासाभराचं अंतर आहे. नकाशात नुसतं 'कालेल्या' टाकलं की भलत्याच गावी पोचाल. मालकाकडून नकाशावरचा नेमका बिंदू मागवा आणि घर चढावर किती उंच आहे हेही विचारा. बरेच व्हिला गावापासून दोन-चार किलोमीटरवर, टेकडीच्या वसाहतीत असतात. तिथे दुकान नसतं आणि बसही क्वचितच येते. आजी-आजोबा सोबत असतील तर 'समुद्र दिसतो' यापेक्षा 'किती पायऱ्या आहेत' हा प्रश्न महत्त्वाचा.

म्हणून गाडी लागतेच. पालाफ्रुजेलला रेल्वे नाही. बार्सेलोनाहून बस येते, पण पुढे व्हिलापर्यंत टॅक्सीच करावी लागते. निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना सोबत लागतोच. भाड्याची गाडी घेताना चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. वडिलांच्या कार्डावर मुलगा चालवणार असला की काउंटरवरच अडतं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. गोल चौकात आत असलेल्याला पहिला हक्क, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. गावात दर दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांवर वेग ताशी ३० किलोमीटर, बाहेर साध्या रस्त्यावर ९०. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मागेच बसवायचं आणि त्याला खास सीट लागते, ती बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. एपी-७ या महामार्गाचा टोल १ सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे. जुन्या माहितीत टोल दिसला तरी घाबरून आडरस्ता धरू नका. निळ्या रेषेचं पार्किंग पैशाचं असतं. यंत्रातून पावती काढून काचेमागे ठेवायची.

स्वयंपाकघराचं निघण्याआधीच बघून ठेवा, कारण चूक होते ती इथेच. चुलीचा फोटो मागवा. काचेची शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच चालतं. चार जणांना सात दिवस, रोज एक वेळ घरी जेवायचं धरलं तर ३ किलो कणीक, १ किलो तूरडाळ, अर्धा किलो बेसन, पाव किलो तिखट आणि काळा मसाला पुरतो. मीठ, तेल, साखर तिथेच घ्या. तूप, खवा, पेढे, पनीर मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. ताज्या फळांतही केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन एवढीच पाच सोडली तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वरूड-मोर्शीची संत्री पाहुण्यांसाठी न्यायचा मोह आवरावा. आपला दोन गोल पिनांचा प्लग बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. एक-दोन ॲडॅप्टर इथूनच घ्या.

उन्हाळ्यात व्हिला शनिवार ते शनिवार भाड्याने देतात. पोचल्या दिवशी सामान टाकून लगेच सुपरमार्केट गाठा. रविवारी बरीच बंद असतात. पर्यटकांच्या गावांत काही उघडी असतात, पण त्या भरवशावर राहू नका.

रविवार पालाफ्रुजेलचा. हा भागातला मोठा बाजार. गल्ल्या गाड्यांना बंद होतात, म्हणून साडेनऊच्या आत पोचून गाडी गावाबाहेरच लावावी. इथे आपल्या बाजारातल्या दोन सवयी सोडायच्या. एक म्हणजे भाजी हाताने चाचपायची नाही. बोटाने दाखवायची, विक्रेता निवडून देतो. दुसरी म्हणजे घासाघीस. भाजी-फळांचा भाव पाटीवर किलोने लिहिलेला असतो आणि तोच घेतात. रांग दिसत नाही पण असते. आल्यावर 'की एस लुल्तिम' विचारायचं, जो शेवटचा आहे तो हात करतो, त्याच्यानंतर आपला नंबर. हे न विचारता पुढे झालात तर आजीबाई बोलणारच. नोटा ५, १० आणि २० युरोच्या ठेवा.

जूनमध्ये चेरी, जर्दाळू आणि चपटे पीच येतात, सप्टेंबरात अंजीर आणि द्राक्षं. टमाटे दोन कामांचे घ्या. लहान, पातळ सालीचे पावावर चोळायला, मोठे कोशिंबिरीला. सांबार (कोथिंबीर) शोधत असाल तर हिरवी जुडी चोळून वास घ्या, ती बहुधा पार्सली निघते. मिरची पाहून हुरळू नका. हिरव्या छोट्या मिरच्या तळून खायच्या आणि बहुतेक अगदीच फिक्या असतात. काबुली चणे शिजवलेले तोलून मिळतात, ते घ्यावे. अर्ध्या तासात उसळ होते.

सोमवारी तोरोएल्या दे मोंग्रीला बाजार असतो. शेजारचं लेस्तार्तित हे मुलांसाठी माझ्या मते या पट्ट्यातलं सर्वात सोपं समुद्रस्थान. वाळू बारीक आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ. बंदरातून मेडेस बेटांकडे काचेच्या तळाच्या बोटी जातात. सोमवारी मासळी मात्र घेऊ नका, शनिवार-रविवार मासेमारीच्या बोटी समुद्रात जात नाहीत.

ती मंगळवारी पालामोसला घ्यावी. सकाळी आठवडी बाजार, दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास बोटी परततात आणि बंदरावर लिलाव होतो. तांबड्या कोळंबीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. ती महाग असते. पहिल्यांदा पाव किलोच घेऊन मीठ टाकून तव्यावर मिनिटभर दोन्ही बाजूंनी भाजावी. मसाल्यात शिजवली तर पैसे वाया.

बुधवारी बेगूर. बाजार लहान, तासात होतो. खरं काम गावाखालच्या आयग्वाब्लावा आणि सा तुना या खडकाळ खाड्यांचं. जुलै-ऑगस्टमध्ये १० नंतर तिथे गाडी लावायला जागा नसते.

समुद्राबद्दल जरा सविस्तर, कारण आपण तळ्या-नदीचे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाही, म्हणून कोकणातला अंदाज इथे चालत नाही. इथे वारा बघायचा. उत्तरेचा त्रामुंताना सुटला की मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अंगाला वाळू टोचते. अशा दिवशी उत्तरेला कडा असलेली खाडी निवडा. पूर्वेच्या वाऱ्याने मात्र याच खाड्यांत लाटा शिरतात, तेव्हा बाजार आणि जुनी गावं करावीत. उन्हाळ्यात दुपारी नैऋत्येचा वारा उठतो, म्हणून पाणी सकाळी आणि संध्याकाळी शांत असतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर हवेच्या गाद्या आणि फुगवलेली खेळणी पाण्यात नेऊच नका. ती मुलासकट दूर जातात आणि माणूस पोहून गाठू शकत नाही.

हिरवा झेंडा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात पाय नाही. पिवळ्या तरंगत्या बोयांची ओळ पोहण्याची हद्द दाखवते. ओळ नसेल तिथे किनाऱ्यापासून २०० मीटर, खडकाळ भागात ५० मीटर हीच हद्द. खाड्यांत दोन-चार पावलांत तळ सुटतो आणि खडकांवर काटेरी सी-अर्चिन असतात, म्हणून रबरी बूट घाला. जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. चोळू नका, बर्फ कापडात गुंडाळून लावा.

पोहायचं नसेल तर कालेल्या दे पालाफ्रुजेल ते ल्याफ्रांक ही किनाऱ्याची पायवाट करा. अर्ध्या तासाची, सोपी, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत. पुढे तामारिऊपर्यंतची वाट सांत सेबास्तियाच्या दीपगृहावरून जाते. चढ भरपूर आहे, पाणी आणि दीड-दोन तास हाताशी हवेत.

गुरुवारी फिगेरेस. बाजार आहेच, पण मुख्य म्हणजे १९७४ मध्ये उघडलेलं चित्रकार साल्वादोर दालीचं नाट्यगृह-संग्रहालय. त्याची समाधीही तिथेच आहे. वेळेचं तिकीट आधी काढावं. काडाकेसजवळचं त्याचं घर पाहायचं तर छोट्या गटांनाच सोडतात, आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. काडाकेसचा रस्ता वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी घरीच राहावं.

शुक्रवारी ला बिस्बालला बाजार आणि मातीच्या भांड्यांची दुकानं. भांडं विस्तवावर चालतं की फक्त ताटात वाढायला, ते विचारूनच घ्या. परतताना पेराताल्यादा हे दगडी गाव आणि पाल्स. भंडारा-गोंदियाकडच्यांना पाल्सची धानाची बांधी बघायला आवडेल. जूनमध्ये पाणी भरलेलं असतं. तिथला बोंबा तांदूळ आखूड आणि जाड, तिप्पट पाणी मागतो, वरणभाताला नेऊ नका.

हॉटेलात दुपारचं जेवण १ ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर. शाकाहाऱ्यांनी 'मांस नाही' एवढंच सांगून भागत नाही, सॅलडवर टूना किंवा हॅम येतोच. 'नी कार्न नी पेश' म्हणा, म्हणजे मांस नाही, मासा नाही. अंडंही चालत नसेल तर ते वेगळं सांगा. पावावर टमाटा, तेल आणि भाजलेली वांगी-मिरची हे कुठेही मिळतं.

घराशेजारी झाडी असेल तर विस्तवाचं लक्षात ठेवा. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर जंगलापासून ५०० मीटरच्या आत उघडा जाळ करायला बंदी आहे. अंगणात चूल पेटवायची असेल तर मालकाला आधी विचारा. कचरा वेगळा टाकायचा: पिवळ्या पेटीत वेष्टनं, निळ्यात कागद, हिरव्यात काच, तपकिरीत ओला, करड्यात उरलेला. आणीबाणीला ११२.

शनिवारी सकाळी घर सोडावं लागतं. त्याच दिवशी जिरोनाचाही बाजार असतो, आणि तिथल्या कॅथेड्रलचा गॉथिक सभामंडप जवळपास २३ मीटर रुंद, जगातल्या गॉथिक सभामंडपांत सर्वात रुंद. पण गाडीत सामान भरलेलं असतं. सीटवर बॅग दिसली की काच फोडतात. तेव्हा सगळं डिकीत मावत असेल तरच थांबा, नाहीतर एक जण गाडीपाशी बसवा. बार्सेलोना विमानतळ जिरोनाहून सव्वा ते दीड तास. शनिवारी व्हिला बदलणाऱ्यांची गर्दी एपी-७ वर असते, म्हणून त्यावर आणखी तास धरा आणि टाकी भरूनच गाडी परत करा.