लाल कांद्याच्या पापुद्र्यात पेशीपटल कसे पाहावे

सोलापूरच्या बाजारात लाल कांद्याला तोटा नाही; त्यातला एक गडद रंगाचा कांदा या प्रयोगाला पुरतो. मांसल पाकळीच्या बाहेरच्या, म्हणजे फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा आणि त्यावर पातळ आच्छादन काच ठेवावी. आतल्या बाजूचा पापुद्रा बिनरंगी असल्याने तो उपयोगाचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रंग पेशीच्या कडांपर्यंत भरलेला दिसतो.

आता 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब आच्छादन काचेच्या एका कडेला सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यावा. काही मिनिटांत पेशीतले पाणी बाहेर जाऊन तिच्यातला जांभळा गोळा आकसतो आणि पेशीभित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या ताठ भिंतीपासून, सुटतो; त्या गोळ्याची बाहेरची कड म्हणजेच पेशीपटल, पेशीतल्या द्रव्याभोवतीचे पातळ आवरण. मेदाचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिने यांचे हे पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड असल्याने ते स्वतः दिसत नाही, दिसते ती त्याने आखलेली सीमा. पाणी बाहेर गेले, रंग मात्र आतच राहिला; काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे, ही या पटलाची निवड.

साधे पाणी ओढल्यास गोळा पुन्हा फुगतो. उकळत्या पाण्यातून काढलेला पापुद्राही जरूर पाहावा. उष्णतेने पटल निकामी झाल्याने त्याचा रंग पाण्यात उतरतो.