नागपुरात कोनफ्लॉवर लावताना या चुका टाळा

जांभळा कोनफ्लॉवर, म्हणजे इचिनेशिया पर्प्युरिया, ही मूळची उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातील माळरानांची वनस्पती आहे. तिच्या मूळ प्रदेशाच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो, जमीन गोठते, वरचा सगळा पाला वाळून जातो आणि वसंत ऋतूत त्याच बुडख्यातून नवी पाने फुटतात. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी नोंदवले गेलेले 3.5 अंश हे तापमान आपल्याला हुडहुडी भरवून गेले असले, तरी या झाडाच्या दृष्टीने ती थंडी नव्हेच. त्यामुळे बियांचे पाकीट हाती घेणाऱ्या प्रत्येकाला भीती वाटते ती उन्हाळ्याची, आणि ती भीती अगदीच अनाठायी नाही. मात्र गेल्या चार वर्षांत माझ्या गच्चीवर जी झाडे गेली, त्यांतील बहुतेक मे महिन्यात नव्हे, तर ऑगस्टमध्ये गेली. थंड देशांतील अनुभवही फारसा वेगळा नाही. तिथेही हे झाड निव्वळ गारठ्याने क्वचितच मरते. हिवाळाभर बुडख्याशी साचून राहिलेल्या ओलीने ते कुजते.

म्हणून सर्वांत मोठी चूक मातीची. आपली काळी माती कापसाला आणि संत्र्याला मानवते, पण ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोनफ्लॉवरची तंतुमय मुळे अशा मातीत आठ-दहा दिवसांच्या झडीतच गुदमरतात. कुंडीसाठी मी एक भाग काळी माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग बारीक मुरूम आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण वापरतो. कुंडीखाली बशी ठेवत नाही आणि तळाचे छिद्र खापरीच्या तुकड्याने अर्धवटच झाकतो. जमिनीत लावायचे असेल, तर खड्ड्यात वाळू टाकून भागत नाही, कारण भोवतालच्या काळ्या मातीतील पाणी पाझरून त्या खड्ड्यातच साठते. त्याऐवजी निदान एक फूट उंचीचा वाफा करून त्यावर लागवड करावी.

याच्या जोडीला येते ती रोप खोल लावण्याची चूक. संत्र्याच्या बागा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कलमाचा डोळा मातीत गाडला किंवा खोडाला पाणी लागत राहिले, तर डिंक्या रोग येतो, म्हणूनच बागायतदार दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवतात. कोनफ्लॉवरलाही हीच काळजी लागते. पाने जिथून फुटतात तो बुडखा मातीच्या पातळीला किंवा किंचित वर असावा, त्यावर शेणखताचा ढीग किंवा ओला पालापाचोळा येऊ देऊ नये आणि पाणी कडेकडेने द्यावे. थंड प्रदेशात जमीन गोठल्यावर पाल्याचे आच्छादन घालतात. गोठण्या-वितळण्याच्या क्रियेत रोपे जमिनीतून वर उचलली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू असतो. आपल्याकडे तो प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे ती सूचना आंधळेपणाने पाळणे म्हणजे बुडख्यावर ओले पोतेरे ठेवण्यासारखे आहे.

बिया फ्रीजमध्ये ठेवण्याच्या सूचनेबाबतही असाच घोटाळा होतो. अनेक जण कोरडे पाकीट महिनाभर फ्रीजमध्ये ठेवतात आणि बियांना थंडी मिळाली असे समजतात. कोरड्या बीला अशा थंडीचा उपयोग होत नाही, कारण तिची सुप्तावस्था मोडण्यासाठी ओल आणि गारवा एकाच वेळी लागतात. बिया ओलसर वाळूत मिसळून, झाकणाच्या डबीत घालून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नयेत. मॅग्नससारख्या लागवडीतील जुन्या वाणांच्या पुष्कळशा बिया याशिवायही उगवतात. पेरणीसाठी दसरा ते दिवाळी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. बी जेमतेम झाकले जाईल एवढीच माती वर पसरावी. उगवायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा आठव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरू नये.

यानंतर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न येतो. पानांचा झुपका जोमदार आहे, मग डिसेंबर उलटला तरी फूल का नाही? याचे एक कारण म्हणजे बियांपासून केलेली बरीच झाडे पहिले वर्ष पाने आणि मुळे वाढवण्यातच घालवतात. दुसरे कारण दिवसाच्या लांबीचे आहे. आपण नकळत शेवंतीचा हिशेब लावतो, पण शेवंती दिवस लहान झाल्यावर कळ्या धरते, तर कोनफ्लॉवरला मोठे दिवस हवे असतात. नागपुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच असतो, तर अमेरिकेच्या उत्तर भागात तो पंधरा तासांच्या पुढे जातो. मला हे कळले ते योगायोगाने. एका हिवाळ्यात जागा नसल्याने एक कुंडी जिन्यातील दिव्याखाली ठेवली होती आणि तो दिवा रात्रभर चालू असे. मार्चच्या सुरुवातीला त्या एकाच कुंडीतून खरखरीत केसाळ दांडा वर आला. त्याच्या टोकाशी बटणाएवढी हिरवी चकती दिसू लागली, मग कडेने फिकट गुलाबी पाकळ्यांची टोके डोकावली आणि मधला उंचवटा दिवसागणिक केशरी, टोकदार होत गेला. गच्चीवरच्या बाकी कुंड्यांत तेव्हा नुसती पानेच होती. तेव्हापासून मी जानेवारीच्या मध्यापासून कुंड्यांवर एक साधा एलईडी दिवा रात्री दहा ते दोन चालू ठेवतो, त्यामुळे फुलोरा कडक उन्हाच्या आधी उरकतो.

उन्हाच्या बाबतीत पाकिटावरचे ‘पूर्ण ऊन’ हे शब्द शब्दशः घेऊ नयेत. ज्या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले आहेत, तेथे एप्रिलपासून या झाडाला सकाळचे चार-पाच तासांचे ऊन पुरे. दुपारी हिरवी जाळी किंवा भिंतीची सावली हवीच. अनेक जण गारवा मिळावा म्हणून कुंड्या कुलरखाली नेऊन ठेवतात. तिथे पाणी अखंड ठिबकत राहते आणि नवतपा संपण्याआधीच बुडखा काळा पडतो.

पाने मलूल दिसली की लगेच पाणी घालण्याचा मोह आवरावा. दुपारी तीनला माना टाकलेली पाने सूर्यास्तानंतर पुन्हा ताठ होत असतील, तर तो केवळ उन्हाचा ताण आहे. सकाळीही पाने लोंबलेलीच असतील आणि माती दोन इंच खोल ओली लागत असेल, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे. अशा वेळी झाड उपसून काळी, मऊ मुळे कापावीत आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावावे. मुळे पांढरी आणि कोरडी हाताला लागली, तर पाणी कमी पडत आहे.

खताबद्दल एवढेच सांगतो की वर्षातून एकदा मूठभर कंपोस्ट पुरते. युरियाने दांडे लुसलुशीत होऊन आडवे पडतात.

फूल हिरवेच राहिले, मधल्या उंचवट्यातून पानांचे वेडेवाकडे गुच्छ फुटले, तर तो खताचा अभाव नसून फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग असण्याची दाट शक्यता असते. तीळ आणि वांग्यावरील पर्णगुच्छ याच जातीचा रोग असून तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. यावर औषध नाही. कितीही जीव लावलेला असला, तरी ते झाड मुळासकट उपटून घराबाहेर काढावे आणि शेजारच्या कुंड्यांवर तुडतुडे आहेत का, हे पानांच्या मागच्या बाजूला पाहावे. अशा झाडाचे बी धरू नये. संकरित पिवळ्या-केशरी वाणांचेही बी धरून उपयोग नाही, कारण पुढच्या पिढीत तोच रंग येत नाही. साध्या जांभळ्या वाणाचा उंचवटा मात्र दांड्यावरच पूर्ण काळा आणि कोरडा होऊ द्यावा, आणि बी काढताना जाड हातमोजे घालावेत, कारण त्याचे काटे बोटांत चांगलेच रुततात.