दव गोठण्याआधी झेंडूचं बी असं वाचवा

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव, लिंगमळा भागात दव गोठतं. त्या रात्रीनंतर झाडावरच राहिलेल्या झेंडू, झिनिया, कॉसमॉसच्या बोंडांतलं बी पुढं उगवत नाही, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते.

खरं तर थंडीनं मरतं ते ओलं, अर्धवट पिकलेलं बी. आतलं पाणी गोठून कोंब फुटायची जागाच फाटते. पूर्ण वाळलेल्या बियाला तीच थंडी सहसा काही करत नाही.

१. आकाश निरभ्र, वारा पडलेला, गारठा वाढतोय असं दिसलं की त्याच दुपारी, दव पूर्ण वाळल्यावर, तपकिरी झालेली बोंडं देठासकट खुडा. हिरवी राहू द्या, ती तोडूनही सहसा पिकत नाहीत.

२. घरात, सावलीत, कागदावर आठ-दहा दिवस पसरा. रोज एकदा हात फिरवा. बी वाकवलं की कट्‌कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे.

३. कागदी पाकिटात भरून नाव आणि महिना लिहा.

गोठलेल्या रात्रीनंतर खुडलेलं बी लगेच टाकून देऊ नका. वाळवून त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. आठवड्यात सहा-सात दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. तीन-चारच दाण्यांना आले तर दाट पेरा.

ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा फ्रीजमध्ये मात्र कधीच ठेवू नका, बुरशी धरते.