कॉर्ड कशी घडते : पट्ट्या मोजा, नाव आपोआप सापडेल

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक, आणि तेथून उजवीकडे पांढरी सातपर्यंतच्या पट्ट्यांची इंग्रजी नावे क्रमाने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी आहेत. हार्मोनियम किंवा कीबोर्ड समोर घेऊन पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात. जो भरीव, उजळ नाद उमटतो ती सी मेजर कॉर्ड होय. आता हाताचा आकार जराही न बदलता तिन्ही बोटे एकेक पांढरी पट्टी उजवीकडे सरकवावीत, म्हणजे ती दोन, चार आणि सहा या पांढऱ्या पट्ट्यांवर येतील. हात तोच आणि बोटांमधले अंतरही डोळ्यांना तेच दिसते, तरी नाद एकाएकी झाकोळतो, कारण ही डी मायनर आहे. डोळा केवळ पांढऱ्या पट्ट्या मोजत असतो आणि कान मधल्या काळ्या पट्ट्याही मोजत असतो, एवढाच हा घोटाळा आहे. बोटांचे आकार पाठ करून कॉर्ड्स शिकणारे पुष्कळ जण याच ठिकाणी वर्षानुवर्षे अडखळतात. माझ्या मते आकार पाठ करण्याआधी अंतर मोजायला शिकावे, कारण कॉर्डचे नाव म्हणजे स्वरांमधल्या अंतरांचा हिशेबच असतो.

एका सप्तकात बारा स्वर असतात आणि काळी-पांढरी असा भेद न करता लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर अर्धा स्वर असते. सोयीसाठी त्याला येथे एक पायरी म्हणू. गिटारवर एक फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या तारांनी पडलेले एक घर, म्हणजे एक पायरी. मोजताना ज्या पट्टीवरून निघायचे ती धरायची नाही, तिच्या पुढच्या पट्टीपासून ‘एक’ म्हणायचे. पांढरी एकपासून निघाल्यास काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन अशा चार पायऱ्या होतात, आणि तेथून पांढरी पाचपर्यंत तीनच, कारण पांढरी तीन व पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. पांढरी दोन, चार, सहा ही जोडणी मोजली तर हिशेब उलटा निघतो : आधी तीन पायऱ्या, मग चार. बेरीज दोन्हीकडे सातच असली तरी क्रम बदलल्यामुळे मेजरची मायनर झाली. पांढरी दोनवर मेजर हवी असेल, तर मधले बोट एक पायरी वर, काळी तीनवर न्यावे लागते.

तीन स्वरांच्या मूलभूत कॉर्ड्स चार प्रकारच्या असतात आणि त्या चारही प्रकारांना चार पायऱ्यांचे मोठे अंतर व तीन पायऱ्यांचे लहान अंतर एवढे दोनच ठोकळे पुरतात. मोठ्यावर लहान रचले की मेजर होते, आपल्या सरगममध्ये सा, शुद्ध ग, प. लहानावर मोठे रचले की मायनर, म्हणजे सा, कोमल ग, प. लहानावर लहान ठेवले की डिमिनिश्ड आणि मोठ्यावर मोठे ठेवले की ऑगमेंटेड. ज्या स्वरावर ही रचना उभी राहते त्याला मूळ स्वर म्हणतात आणि कॉर्डच्या नावातले पहिले अक्षर त्याचेच असते.

यात मधला स्वर, म्हणजे गंधार, सर्वांत बोलका असतो. गिटारवर ई मेजर धरून तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचे बोट उचलले, तर उरलेल्या पाच तारांवर काहीही न बदलता ई मायनर वाजते. एका तारेवरच्या एका पायरीने साऱ्या नादाचा रंग पालटला, कारण ती तार गंधाराची होती. याउलट गंधार काढूनच टाकला आणि सा व प एवढेच ठेवले, तर ती ना मेजर राहते ना मायनर. गिटारवादक तिला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि काटेकोरपणे पाहिले तर ती कॉर्ड नसून दोन स्वरांची जोडी आहे. षड्ज-पंचमात लावलेल्या तानपुऱ्यावर शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार सुखाने का नांदतात, याचे एक कारण येथे सापडते.

सरगममधून विचार करणाऱ्यांना डिमिनिश्ड आणि ऑगमेंटेड या नावांपाशी एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. सा धरून डिमिनिश्ड रचली, तर सहाव्या पायरीवर जी पट्टी येते तिला आपण तीव्र मध्यम म्हणतो, पण कॉर्डच्या व्याकरणात ती उतरवलेला पंचम असते. ऑगमेंटेडमधली आठवी पायरी आपल्याला कोमल धैवत वाटते, तेथे ती चढवलेला पंचम असते. आपल्याकडे पंचम अचल असल्यामुळे ही भाषा कानाला विचित्र वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. कॉर्ड रचताना एकाआड एक स्वरनाम घ्यायचे, म्हणजे पहिले, तिसरे आणि पाचवे, असा नियम आहे. म्हणूनच सी मायनरचा मधला स्वर ई फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेला ई) लिहायचा, डी शार्प (अर्धा स्वर चढवलेला डी) नव्हे, जरी कीबोर्डवर दोन्हींची पट्टी काळी दोन हीच असली तरी. वाजवताना याने फरक पडत नाही, मात्र लिहिलेले वाचताना आणि तीच रचना दुसऱ्या मूळ स्वरावर नेताना फार पडतो.

मेजर कॉर्ड कानाला इतकी स्थिर का वाटते, याचे उत्तर कंपनांच्या प्रमाणात आहे. सा, ग आणि प यांची कंपने ४ : ५ : ६ या प्रमाणात असली, तर ती एकमेकांत बेमालूम मिसळतात. मायनरमध्ये हेच प्रमाण १० : १२ : १५ असे अधिक गुंतागुंतीचे होते. कीबोर्डवर मात्र सप्तकाच्या बारा समान पायऱ्या केलेल्या असतात, त्यामुळे ही प्रमाणे तंतोतंत साधत नाहीत. मध्य सप्तकातल्या पांढरी एकची कंपने सेकंदाला सुमारे २६१.६ असतात. ५/४ या प्रमाणाने तिचा गंधार ३२७.० हवा, प्रत्यक्षात तो ३२९.६ वाजतो. पंचम ३९२.४ ऐवजी ३९२.० म्हणजे जवळजवळ बिनचूक येतो. गंधारातला फरक सवयीच्या कानाला कळतो आणि एखादी मेजर कॉर्ड बराच वेळ दाबून धरली तर तिच्यातली बारीक थरथर ऐकू येते. बाराही स्वरांवरून सारखीच वापरता येतील अशा कॉर्ड्स मिळवण्यासाठी दिलेली ही किंमत आहे.

डिमिनिश्डचा नाद आकसलेला आणि ऑगमेंटेडचा अधांतरी भासतो. ऑगमेंटेडमध्ये चार-चार पायऱ्या मोजत वर गेले की बाराव्या पायरीवर पुन्हा मूळ स्वरच येतो, म्हणजे सप्तकाचे तीन समान भाग होतात आणि तिन्ही स्वरांपैकी मूळ कोणता हे कानाला ठरवता येत नाही. त्यामुळे नावे बारा असली तरी वेगळ्या ऑगमेंटेड कॉर्ड्स प्रत्यक्षात चारच आहेत. डिमिनिश्डवर आणखी तीन पायऱ्यांनी चौथा स्वर ठेवला, तर सप्तकाचे चार समान भाग होतात आणि अशा वेगळ्या कॉर्ड्स केवळ तीन उरतात. पाठांतराचा बोजा एवढा हलका करणारी दुसरी जागा या विषयात नाही.

मूळ स्वर नेहमी तळाशीच असतो असे नाही. सी मेजरचे सा-ग-प हेच स्वर ग-प-सां किंवा प-सां-गं (सां, गं म्हणजे वरच्या सप्तकातले सा, ग) अशा क्रमाने लावता येतात. या उलटापालटीला इन्व्हर्जन म्हणतात. स्वर तेच असल्यामुळे कॉर्डचे नाव बदलत नाही. हा विचार फ्रेंच संगीतकार ज्याँ-फिलिप रामो यांनी १७२२ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडला. इन्व्हर्जनचा व्यवहारातला उपयोग हात कमी हलवण्यासाठी होतो. सी मेजरवरून एफ मेजरवर जाताना सगळा हात उचलून पांढरी चारवर नेण्याऐवजी पांढरी एकवरचे बोट तेथेच ठेवावे, पांढरी तीनवरचे चारवर आणि पांढरी पाचवरचे सहावर न्यावे. एफ मेजरचे तिन्ही स्वर हाती येतात आणि ऐकणाऱ्यालाही उडी न वाटता वळण घेतल्यासारखे वाटते. नवख्या वादकाची साथ तुटक वाटण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की तो प्रत्येक कॉर्ड मूळ स्वरापासून नव्याने धरतो.

चौथा स्वर जोडला की सेव्हन्थ कॉर्ड्स सुरू होतात आणि येथे नावांचा सर्वांत फसवा नियम भेटतो. सी सेव्हन म्हणजे सा, ग, प आणि कोमल नि, अंतरे चार-तीन-तीन. शुद्ध नि हवा असेल तर सी मेजर सेव्हन म्हणावे लागते, अंतरे चार-तीन-चार. ‘मेजर’ हा शब्द येथे निषादाचे वर्णन करतो. मायनर सेव्हनची अंतरे तीन-चार-तीन असतात. पहिल्या दोहोंची गफलत झाली तर चूक ताबडतोब ऐकू येते, कारण मेजर सेव्हन निवांत पसरते, तर साधी सेव्हन पुढे ढकलत राहते.

ही ढकल कोठून येते ते बोटांखाली पाहण्यासारखे आहे. जी सेव्हनमध्ये पांढरी पाच, पांढरी सात, वरची (पुढच्या सप्तकातली) पांढरी दोन आणि वरची पांढरी चार हे स्वर असतात. त्यांपैकी पांढरी सात आणि वरची पांढरी चार एवढेच दाबून धरावेत. दोहोंमध्ये सहा पायऱ्यांचे, म्हणजे नेमके अर्ध्या सप्तकाचे अंतर आहे आणि ते कानाला टोचते. आता सातवरचे बोट एक पायरी वर, वरच्या पांढरी एकवर न्यावे आणि चारवरचे एक पायरी खाली, वरच्या पांढरी तीनवर आणावे. टोचणी विरते आणि सी मेजरचे सा व ग हाती लागतात. जी सेव्हननंतर सी मेजर येणार हे कान आधीच ओळखतो, ते या दोन अर्ध्या स्वरांच्या ओढीमुळे.

उरलेले प्रकार फारसे कठीण नाहीत. सस्पेंडेड कॉर्डमध्ये गंधाराच्या जागी म किंवा रे येतो आणि तो गंधारावर परतण्याची वाट पाहायला लावतो. सी सिक्स्थमध्ये सा-ग-प यांना शुद्ध ध जोडतात, आणि तेच चार स्वर धैवतापासून वाचले तर ती ए मायनर सेव्हन ठरते, तेव्हा नाव तळातल्या स्वरावरून आणि मागच्या-पुढच्या कॉर्ड्सवरून ठरवावे. नाइन्थ, इलेव्हन्थ आणि थर्टीन्थ म्हणजे सेव्हन्थच्या वर रचत गेलेले तार सप्तकातले रे, म आणि ध. सगळे स्वर वाजवण्याचा अट्टहास करू नये, पंचम तर निःशंक वगळावा.

सरावासाठी शुद्ध स्वरांच्या प्रत्येक पायरीवर एकाआड एक स्वर घेऊन तीन-तीन स्वरांच्या कॉर्ड्स रचाव्यात आणि प्रत्येकीची अंतरे मोठ्याने मोजावीत. सा, म, प यांवर मेजर निघतील, रे, ग, ध यांवर मायनर आणि नि वर डिमिनिश्ड. त्यानंतर उलट दिशेने यावे : पट्ट्या दिल्या आहेत, नाव शोधायचे आहे. उदाहरणार्थ, पांढरी तीन, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक. मोजल्यास पाच आणि तीन पायऱ्या येतात. पाच हा आपल्या ठोकळ्यांपैकी नाही, म्हणजे मूळ स्वर तळाशी नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा तळातला स्वर उचलून वरच्या सप्तकात ठेवावा. आता पांढरी सहा, वरची एक आणि वरची तीन असा क्रम लागतो, अंतरे तीन आणि चार येतात, आणि हाती ए मायनर सापडते.