९७ खेळलेल्या हातांनी केओएफ १५ कसा सुरू करायचा

गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ (थोडक्यात केओएफ, तिघा-तिघांच्या टीमचा मारामारीचा गेम) वर ज्यांनी खाऊचे पैसे उडवलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. बऱ्याच जणांना वाटतं की केओएफ पार्लरसोबतच संपला, पण तसं काही नाहीये, पंधरावा भाग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, आणि सगळ्यात भारी म्हणजे तुमच्या हातात तेव्हा जे बसलंय ते त्यात चालतं. हँडल खाली-तिरकं-पुढे फिरवून पंच मारला की त्यातल्या इओरी या गड्याची जांभळी आग आजही जमिनीवरून सरपटत जाते. दुसरा गडी टेरी, त्याची पॉवर वेव्ह पण तशीच निघते. त्यामुळे शून्यापासून काही शिकायचं नाहीये. थोडंच नवीन आहे, आणि त्यातलं बरंचसं तर ९७ मध्येही होतंच, फक्त आपण तेव्हा बटणं बडवण्यात बिझी होतो.

मधल्या काळात काय झालं ते पटकन सांगतो. केओएफ बनवणारी एसएनके ही ओसाकाची कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग नाव आणि मालक बदलत गाडी चालू राहिली. २००९ चा बारावा भाग दिसायला जबरदस्त पण आत अर्धवट, तेरावा खरंच चांगला, २०१६ ला चौदावा थ्रीडीमध्ये आला आणि त्याच्या ग्राफिक्सची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. पण माझ्या मते खरं पुनरागमन चौदाव्यानेच सुरू झालं. त्याचा डायरेक्टर यासुयुकी ओडा, हा माणूस आधी एसएनकेमध्येच होता, मग बाहेर जाऊन स्ट्रीट फायटर ४ वर काम केलं आणि परत घरी आला, आणि पंधराव्याचा प्रोड्युसर पण तोच.

आता घ्यायचं काय. फक्त जुन्या आठवणी काढायच्या असतील तर ९७ चं ग्लोबल मॅच हे रूप स्टीम (पीसी) आणि पीएस४ वर आहे, ते घ्या आणि इथेच थांबा, काही वाईट नाही त्यात. नवीन लोकांशी नीट ऑनलाइन खेळायचं असेल तर पंधरावा. २०२५ ला आलेला फेटल फ्युरी सिटी ऑफ द वुल्व्ह्ज पण एसएनकेचाच, त्याच मालिकेतल्या आधीच्या गारू या गेमनंतर २६ वर्षांनी आलाय आणि त्यात चक्क क्रिस्तियानो रोनाल्डो फायटर आहे (मी गंमत करत नाहीये), पण तो एकास एक खेळ आहे, तिघांची टीम नाही, म्हणून ९७ वाल्यांनी आधी पंधरावा बघावा असं मला वाटतं. फुल किमतीत घेऊ नका, सेलची वाट बघा.

घेतल्यावर पहिलं काम बटणांचं. ए म्हणजे हलका पंच, बी हलकी लाथ, सी जोराचा पंच, डी जोराची लाथ, हे तेव्हाचंच आहे. फक्त पार्लरच्या मशीनवर बटणं दुकानदाराने बसवली असतील तशी असायची, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या बोटांना जी जागा आठवते तिथे ती ठेवा. ए-बी एकत्र म्हणजे लोळण, सी-डी एकत्र म्हणजे तो मोठा उडवणारा धक्का, हे दोन्ही सारखे लागतात म्हणून एका-एका बटणावर टाकून द्या, ही चीटिंग नाही, गेमच परवानगी देतो. हँडलच पाहिजे असा हट्ट सध्या नको, आर्केड स्टिक महाग असते, साधा पॅड किंवा कीबोर्ड पुरतो. हां, कीबोर्ड अगदी स्वस्तातला असेल तर तीन-चार बटणं एकत्र दाबल्यावर एखादं तो खाऊन टाकतो, ते आधी ट्रेनिंग मोडमध्ये तपासा नाहीतर उगाच स्वतःच्या बोटांना शिव्या घालत बसाल.

टीम निवडताना भावनेच्या भरात वाहून जायला माझी पूर्ण परवानगी आहे. क्यो, इओरी आणि चिझुरू एकाच टीममध्ये आहेत, टेरी-अँडी-जो आहेत, राल्फ-क्लार्क-लिओना आहेत, आणि ९७ मधली याशिरो-शर्मी-ख्रिस ही पोरं पण परत आलीत. साखळीला गोळा बांधून फिरणारा चँग आणि त्याचा तो नखंवाला चोई मात्र यात नाहीत, वाईट वाटतं पण नाहीत. किम आणि शिंगो वेगळे पैसे देऊन मिळतात, बिली आणि यामाझाकी पण तसेच. तर तीनपैकी दोन जण तुम्हाला हाताला माहीत असलेले घ्या आणि एकच नवीन घ्या. तिघेही नवीन घेतले तर आठवड्याभरात कंटाळून गेम अनइन्स्टॉल होतो.

आता मुद्द्याचं. पार्लरमध्ये आपण सगळे एकच उडी मारायचो, हँडल वर दाबून धरायचं आणि भलीमोठी उडी. केओएफमध्ये उड्या चार आहेत आणि ९७ मध्येही चार होत्या. वर दाबून धरलं तर नेहमीची मोठी उडी. वर नुसतं टिचकी मारल्यासारखं करून लगेच सोडलं तर छोटी उडी. आधी क्षणभर खाली दाबून मग पुढे-वर टिचकी मारली की लांब जाणारी छोटी उडी, आणि तसंच खाली दाबून पुढे-वर धरून ठेवलं की लांब आणि उंच. अख्खा खेळ या छोट्या उडीवर उभा आहे. मोठी उडी लांबूनच दिसते, समोरचा आरामात वर मारतो, पण छोटी उडी इतकी पटकन येते की त्याला विचार करायला वेळच मिळत नाही, आणि उडीतला वार उभं राहूनच अडवता येतो, बसून नाही. म्हणजे तुम्ही एकदा छोटी उडी मारून लाथ घातली, दुसऱ्यांदा उडी न मारता जवळ जाऊन बसून बी मारली, जी बसूनच अडवावी लागते, की समोरचा उभं राहू की बसू यातच अडकतो.

हे शिकायला ट्रेनिंग मोड लावा आणि कॉम्बो-बिम्बो (वाराला वार जोडणं) काही करू नका. आधी नुसत्या छोट्या उड्या. सुरुवातीला मोठ्याच निघतील कारण अंगठा वर जाऊन तिथेच राहतो. पॅडवर असाल तर ॲनालॉगच्या गोल दांडीपेक्षा डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर, हे लवकर जमतं. मग उडीत डी लाथ. मग उडीत सी-डी, हा धक्का लागला की समोरचा लांब फेकला जातो. मग पळत जाऊन उडी, पुढे दोनदा दाबून धरून ठेवलं की पळतो. रोज थोडा वेळ एवढंच केलं तरी ऑनलाइनला तुमच्यासारखेच परत आलेले अर्धे लोक गोंधळतील. इओरी घेतला असेल तर हवेत मागे दाबून बी मारायची ती उलटी लाथ पण बसवा, डोक्यावरून पलीकडे जाताना लागते.

कोणी तुमच्यावरच छोट्या उड्या मारत सुटला तर? उभ्याने पटकन निघणारी एखादी लाथ शोधून ठेवा, नाहीतर जागच्या जागी छोटी उडी मारून हवेतच त्याला गाठा. लोळण टाळा. पार्लरमध्ये लोळून मागे जाणारा हुशार समजला जायचा, पण लोळताना वार लागत नसला तरी पकडून आपटता येतं आणि आता सगळ्यांना ते माहितीये. तुम्हाला कोणी पकडलं तर लगेच सी किंवा डी दाबा, सुटता. आणि हो, आपल्याकडे जवळ येऊन सारखं उचलून आपटणाऱ्याला रडीचा डाव म्हणायचे, मशीनसमोर त्यावरून मारामाऱ्या पण व्हायच्या. इथे तो खेळाचाच भाग आहे, रागावू नका, तुम्हीपण आपटा.

पॉवरचं गणित सध्या इतकंच लक्षात ठेवा. स्क्रीनवरची पॉवरची एक पट्टी भरली की सुपर, म्हणजे खास जोराचा वार, दोनला मोठा सुपर, तीनला सगळ्यात मोठा. बी-सी दाबून मॅक्स मोड लागतो, दोन पट्ट्या जातात, त्याच्या नादाला पहिला महिना लागू नका. नवीन आहे तो शॅटर स्ट्राइक, खाली-तिरकं-पुढे आणि सी-डी, एक पट्टी जाते, समोरच्याचा वार अंगावर झेलून उलट हाणायचा, समोरचा न थांबता मारत सुटला की वापरा. आणि जवळ जाऊन नुसतं ए-ए-ए-ए दाबलं तरी आपोआप कॉम्बो निघतो. लाजू नका, सुरुवातीला तोच वापरा. पट्ट्या पहिल्या गड्याला तीन, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच ठेवता येतात आणि पहिला हरला तरी त्याने साठवलेली पॉवर पुढच्याला मिळते, म्हणून कमी पॉवरवर चालणारा पुढे आणि सुपरवर जगणारा शेवटी ठेवा. बरेच जण बेस्ट प्लेयर पहिला टाकतात, त्याच्याकडे अजून पुरेशी पॉवरच नसते.

ऑनलाइन जायच्या आधी शक्य असेल तर वायफाय सोडून केबल लावा. पंधराव्यात रोलबॅक आहे, म्हणजे समोरच्याची बटणं पोचेपर्यंत गेम अंदाजाने पुढे चालत राहतो आणि चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे चौदाव्यासारखं चिखलात खेळल्यासारखं वाटत नाही. पण वायफाय मधेच गचके देत असेल तर रोलबॅकपण काही करू शकत नाही, माणसं जागा बदलून उड्या मारताना दिसतात. २०२३ पासून क्रॉसप्ले आहे, त्यामुळे मित्राकडे प्लेस्टेशन आणि तुमच्याकडे पीसी असला तरी जुळतं.

रँकला, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांना, लगेच जाऊ नका, तिथे वर्षानुवर्षं न थांबता खेळणारे बसलेत, पाच मिनिटात तिघंही साफ. आधी मित्रांची रूम करा आणि त्यात पार्टी व्हर्सस लावा, टीममधला एकेक गडी एकेकाने खेळायचा असा मोड आहे. जुन्या ग्रुपपैकी एक पुण्यात, एक नाशकात, एक दुबईत असला तरी एका टीमला तिघं होतात. इओरी कोण घेणार आणि पाच पट्ट्यांचा तिसरा नंबर कोणाचा, हे मात्र रूम उघडायच्या आधीच व्हॉट्सॲपवर ठरवून घ्या, नाहीतर कॅरेक्टर सिलेक्टचं टायमर संपेपर्यंत भांडण चालू राहतं.