शिवाजी विद्यापीठात शिकताना बाहेरचं जेवण कसं परवडवावं

कोल्हापूर स्वस्त, असं ऐकून आलेल्या पोराचा पहिल्याच महिन्यात हिशेब कोलमडतो. इथं नुसतं पोट भरायला फार पैसे लागत नाहीत, जिभेच्या चोचल्यांना लागतात. म्हणून आधी रोजचं जेवण पक्कं करा, मटणाचं नंतर बघू.

सुरुवात मेसपासून. वसतिगृहात जागा नसेल मिळाली तर सागरमाळ, राजारामपुरी भागात घरगुती मेस शोधा. दारावर पाटी असेलच असं नाही, सीनियरना विचारा. महिन्याचे पैसे भरायच्या आधी एकदा गेस्ट म्हणून जेवून या, तेही मंगळवार-बुधवारी. रविवारच्या फीस्टवरून मेस ठरवू नये, त्या दिवशी सगळेच झकास वाढतात. आमटी किती पातळ आणि चपाती केवढी, हे आडवारीच कळतं. मग खाड्याचं स्पष्ट विचारा. किती दिवस आधी सांगायचं? सलग किती दिवस नसलं तर पैसे वजा होतात? दर शनिवारी गावाकडं पळणाऱ्यांचं निम्मं नुकसान या एका प्रश्नाअभावी होतं.

दुपारचं म्हणाल तर विद्यापीठाचा परिसर 850 एकरांहून मोठा. दोन लेक्चरच्या मधे गेटबाहेर जाऊन जेवून येऊ म्हणणाऱ्याचं दुसरं लेक्चर बुडतं. डबा नाहीतर आतलं कँटीन, विषय संपला.

मिसळ हा नाष्टा नव्हे, जेवणच समजा. उशिरा सकाळी खाल्ली की दुपारचा खर्च वाचतो. विद्यापीठाच्या बाजूला राहणाऱ्याला उद्यमनगरातली फडतरे जवळ. बावडा मिसळीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला कसबा बावड्यात जावं लागतं, तिथं केएमटीनं, म्हणजे शहर बसनंच जा. सोबत स्लाइस ब्रेड येतो. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, सगळा एकदम ओतू नका, आधी चव घ्या. कट बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, जादा ब्रेडचे मात्र पैसे लागतात.

आता मटण. थाळीचा दर ऐकून डोळे पांढरे होतात, पण एक वाट आहे. बऱ्याच हॉटेलांत अंडा थाळीबरोबरही तांबडा-पांढरा रस्सा मिळतो. बसण्याआधी विचारा, रस्सा पुन्हा वाढणार का तेही विचारा. पांढरा आला की गरम असतानाच वाटी तोंडाला लावा. नारळाच्या दुधाचा आणि आळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याचा, तो स्वाद निवल्यावर उरत नाही, वर तुपाचा थर धरतो तो वेगळाच. एका थाळीत दोघं जेवायचा विचार असेल तर सोडून द्या, अनलिमिटेड रस्सा असेल तिथं मालक चालू देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

संध्याकाळी फारशी भूक नसेल तर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जा. म्हैस समोर पिळतात आणि फेसाळता ग्लास हातात देतात. त्यावर दोन केळी खाल्ली की रात्र निघते. खासबागेतली भेळ चवीला उत्तम, पण तिनं पोट भरत नाही, वर मन आणखी काहीतरी मागतं.

राहिली रविवारची रात्र, कारण बऱ्याच मेस तेव्हा बंद असतात. त्यावर कोल्हापूरचा खरा तोडगा म्हणजे रस्सा मंडळ. सात-आठ जण जमा, वर्गणी काढा, कुणाच्या तरी शेतावर चूल पेटवा. माणशी खर्च हॉटेलच्या थाळीपेक्षा बराच कमी येतो. फक्त भांडी कोण घासणार, ते मटण आणायच्या आधी ठरवा.