पागा वाढवताना: ऑनलाइन घोडेपैदाशीच्या खेळात कळप कसा आवरायचा

पहिले दहा घोडे सगळ्यांनाच जमतात. नावं पाठ असतात, कोण कुणाचं शिंगरू ते आठवतं. पंचविशी ओलांडली की घोळ सुरू होतो आणि चाळिशीच्या आसपास अनेकांचा खेळ अडतो. बहुतेक वेळा नाणी शिल्लक असतात, पण रोजचा वेळ पुरत नाही. त्यामुळे कळपाची मर्यादा वेळेवरूनच ठरवा.

एका घोड्याचा एक दिवस घड्याळ लावून पूर्ण करून बघा: चारा, पाणी, खरारा, सराव, झोपवणं आणि पुढच्या घोड्याचं पान उघडणं. समजा ४५ सेकंद लागले. रोज २० मिनिटं देता येत असतील तर १२०० भागिले ४५, म्हणजे २६ घोडे. त्यातल्या पाच-सहा जागा शिंगरांसाठी रिकाम्या ठेवा. पक्का कळप मग वीसच. आकडा लहान वाटेल, पण वीस घोडे रोज नीट बघितले तर साठ अर्धवट बघण्यापेक्षा पैदास लवकर सुधारते. सराव चुकलेला घोडा स्पर्धेत मागे पडतो, आणि तो जातीनेच कमी आहे की नुसता दुर्लक्षित आहे, हे नंतर ओळखता येत नाही.

खेळातला काळ किती भरभर पळतो तेही हिशेबात घ्या. खरी घोडी साधारण ११ महिने गाभण असते. हाउर्स (Howrse) या ऑनलाइन खेळात एका दिवसात घोडा दोन महिन्यांनी मोठा होतो, म्हणजे ही मुदत सहा दिवसांत संपते. दहा घोड्या लगोलग गाभण करत गेलात तर महिन्याला ५० शिंगरं! जागा पाच-सहाच होत्या हे विसरू नका. पैदासीच्या माद्यांचे तीन गट करा आणि एका वेळी एकाच गटाच्या जोड्या लावा. त्या गटाच्या शिंगरांचा निकाल लागला की मगच दुसरा गट.

निकालाची रेषा, म्हणजे किती गुणांवर शिंगरू ठेवायचं तो आकडा, जोडी लावण्यापूर्वीच लिहून ठेवायची. शिंगरू समोर आलं, त्याचा रंग गोड दिसला, की हात सैल सुटतो. उदाहरणच घेऊ. घोडीचे जन्मजात गुण: उडी ७८, वेग ६४, दम ७१, बेरीज २१३. नराचे: उडी ७०, वेग ८२, दम ७३, बेरीज २२५. शिंगराला आईबापांच्या सरासरीच्या आसपास गुण मिळत असतील, तर अपेक्षित बेरीज २१९. शिंगरी पुढे आईची जागा घेणार, म्हणून तिला आईशी तोलायचं. पण नुसती ‘आईपेक्षा सरस’ अशी अट घातली तर निम्म्याहून जास्त शिंगऱ्या पास होतील आणि कळप फुगेल. रेषा २२५ वर न्या, शिवाय उडी ७४ च्या खाली नको अशी दुसरी अट घाला. नर शिंगराला बापाशी तोला. तिथे २२५ ही किमान अट झाली, कारण कळपाला नर मोजकेच लागतात. बाकीचे नर विका, नाहीतर खच्ची करून स्पर्धेत उतरवा. आणि एक शिंगरू आत आलं की एक घोडा बाहेर गेलाच पाहिजे, यात सूट नाही.

इथे एक चूक सर्रास होते. सरावाने वाढलेले गुण आणि जन्मजात गुण यांची सरमिसळ होते. स्पर्धा गाजवणारी सात वर्षांची घोडी पडद्यावर भारी दिसते, पण सराव पिल्लात उतरत नाही. तुलना करताना जन्मजात क्षमतेचाच आकडा घ्या. नराबद्दलही घाई नको. एका चांगल्या शिंगरावरून तो थोर ठरत नाही. वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली किमान पाच शिंगरं आकड्यांनी लावा आणि मधलं कसं आहे ते पाहा.

आता नात्यांचा प्रश्न. कळप वाढताना सगळ्यांना तोच एक सर्वोत्तम नर हवा असतो. सख्ख्या भावंडांच्या जोडीतून होणाऱ्या शिंगराचा अंतःप्रजनन गुणांक (आईबाप किती जवळचे नातलग आहेत याचं माप) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या जोडीतून १२.५ आणि चुलत-मावस भावंडांच्या जोडीतून ६.२५. बाप-लेकीची जोडीही २५ टक्क्यांवरच जाते. कोणता खेळ किती पिढ्या तपासतो आणि कशाला दंड लावतो हे त्याच्या नियमांत पाहून घ्या. दंड नसला तरी नात्यातच जोड्या लावत गेलं की घोड्यांत फरकच उरत नाही, आणि फरक नसेल तर निवडायचं कशातून?

पैदाशीच्या दृष्टीने कळप किती ‘खरा’ मोठा आहे, म्हणजे त्यात वेगवेगळं रक्त किती आहे, हे काढायची सोपी रीत आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. एक नर आणि २० घोड्या असतील तर ८० भागिले २१, म्हणजे चारसुद्धा नाही. चार नर आणि १६ घोड्या ठेवल्या तर २५६ भागिले २०, म्हणजे जवळजवळ १३. जनावरं जवळपास तितकीच, पण पाया तिपटीहून मोठा. म्हणून किमान तीन-चार नर ठेवा, एकमेकांचे नातलग नसलेले. बाहेरून घोडी घेतानाही वंशावळ उघडून पाहा. बाजारात गाजलेल्या नराची स्टड (पैसे देऊन लावलेली जोडी) सगळ्यांनीच घेतलेली असते, त्यामुळे ‘नवं रक्त’ म्हणून आणलेली घोडी तुमच्या नराची सावत्र बहीण निघते.

रंगांचं गणित खेळाला सर्वात जास्त चव आणतं. हॉर्स रिअ‍ॅलिटीसारख्या खेळांत ते खऱ्या घोड्यांप्रमाणेच चालतं, तेव्हा आधी समजून घेतलं तर कितीतरी फुकट जोड्या वाचतात. क्रीम जनुकाची एक प्रत चेस्टनटवर (तांबूस घोडा) आली की सोनेरी पालोमिनो, बेवर (तपकिरी अंग, काळी आयाळ) आली की बकस्किन. काळ्यावर आली तर स्मोकी ब्लॅक, आणि तो बहुतेकदा साधा काळाच दिसतो. दोन पालोमिनोंच्या जोडीतून प्रत्येक शिंगराची शक्यता अशी: अर्धी पालोमिनोची, पाव चेस्टनटची, पाव क्रेमेलोची (चेस्टनटवर क्रीमच्या दोन प्रती). म्हणजे पालोमिनो हवा म्हणून दोन पालोमिनो जोडले तरी निम्मा खेळ नशिबावर. क्रेमेलो आणि चेस्टनट जोडा, प्रत्येक शिंगराला क्रीमची नेमकी एक प्रत मिळते आणि पालोमिनोच होतो, अर्थात ग्रेसारखं झाकणारं दुसरं जनुक मध्ये नसेल तर. म्हणून क्रेमेलो गुणांनी जरा कमी असला तरी रंगाच्या गटात एक ठेवण्यासारखा असतो.

ग्रे अनेकांना फसवतो. ग्रे शिंगरू रंगीत जन्मतं आणि वाढताना पांढरं होत जातं. ग्रेची एक प्रत पुरते, आणि खाली बे आहे की पालोमिनो ते झाकून जातं. आईबापांपैकी कुणीही ग्रे असेल तर रंग बघून विक्रीची किंमत लावण्याआधी जनुक चाचणी करा. दोन्ही प्रती ग्रे असलेला नर आणलात तर त्याची सगळी पिल्लं ग्रेच होतील.

फ्रेम ओव्हेरो या पांढऱ्या ठिपक्यांच्या नक्षीच्या जनुकाबाबत मात्र हयगय अजिबात नको. एक प्रत असलेला घोडा, म्हणजे वाहक, निरोगी आणि देखणा. दोन प्रती मिळालेलं शिंगरू पांढरं जन्मतं, त्याच्या आतड्यातल्या मज्जातंतूंच्या पेशी घडलेल्या नसतात आणि ते वाचत नाही. दोन वाहक जोडले तर दर शिंगरामागे ही शक्यता २५ टक्के. काही वाहकांच्या अंगावर पांढरं जेमतेमच असतं, म्हणून नजरेवर विसंबू नका, चाचणी करा आणि वाहकाला नेहमी वाहक नसलेलाच जोडीदार द्या. मग साधारण निम्म्या शिंगरांना नक्षीचं जनुक मिळतं आणि धोका शून्य.

नोंदी ठेवा, पण आटोपशीर. प्रत्येक घोड्याच्या नावात तीन गोष्टी बसवा: वंशाचं अक्षर, पिढी, जन्मजात बेरीज. ‘क-३-२२८ बिजली’ असं नाव यादीत दिसलं की पान न उघडताच निम्मा निर्णय होतो. नाव बदलता येत नसेल तर फोल्डर करा: पैदासीच्या घोड्या, नर, तपासणीतली शिंगरं, विक्रीला. स्प्रेडशीटमध्ये आई, बाप, चाचणीचे निकाल आणि शेवटचं शिंगरू कधी झालं एवढे रकाने पुष्कळ. वीस रकाने आखले की आठवड्यात भरायचा कंटाळा येतो.

विकताना आधी खर्च काढा. समजा स्टड फी ५००, नोंदणी १००, चाचणी १५० आणि रोजचा चारा-भाडं ४० प्रमाणे दहा दिवसांचे ४००. शिंगरू ११५० नाण्यांना पडलं. बाजारात तसलं शिंगरू ९०० ला जात असेल तर पुढची जोडी लावूच नका. रेषेखाली गेलेलं शिंगरू जितके दिवस राहील तितका चारा वाढतो, म्हणून निकाल लागल्या दिवशीच विक्रीला लावा. मात्र एकाच नराची दहा पिल्लं एकदम काढू नका, आपणच आपला भाव पाडतो. दोन-दोन करून सोडा.

कळप आधीच ऐंशीवर गेला असेल तर एक पूर्ण चक्र सगळ्या जोड्या बंद. पहिल्या दिवशी जन्मजात बेरजेने यादी लावा आणि खालचे २० विक्रीला काढा, स्वस्तात गेले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे वंशाप्रमाणे गट करून प्रत्येक गटातले वरचे चार ठेवा. तिसऱ्या दिवशी रंगासाठी राखायचे दोन-तीन निवडा, त्यांना नाव द्या, आणि राहिलेल्यांना तपासणीच्या फोल्डरमध्ये टाकून सात दिवसांची मुदत लावा. त्या सात दिवसांत ज्याला एकही जोडी सुचली नाही, तो आठव्या दिवशी बाजारात.